जुना मूक भयपट आज नव्याने करायचाय? ‘नोस्फेराटू’ घेऊन एकेक पायरी

मूकपट म्हणजे आवाज नसलेला सिनेमा, त्यात आवाज घाला, रंग घाला, चार डायलॉग टाका की झाला आजचा, असं डोक्यात धरूनच आम्ही पाच जणांनी गेल्या वर्षी काम सुरू केलं होतं आणि पहिला महिनाभर सगळं चुकत गेलं. शेवटी जर्मन दिग्दर्शक मुरनाउच्या १९२२ च्या ‘नोस्फेराटू’मधले तीनच प्रसंग घेऊन चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म झाली. त्या सगळ्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे कॉलेजमधली नाहीतर नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शूट करणारी जी मंडळी असा जुना भयपट हातात घ्यायचं म्हणतायत त्यांचा तो एक महिना तरी वाचेल. उदाहरण एकच धरलंय, कारण एका सिनेमात नीट उतरलं की बाकीचे आपोआप कळायला लागतात.

पायरी पहिली: तीनदा बघा, आणि नीट प्रिंट बघा

ऑनलाईन या सिनेमाच्या ढिगाने कॉपी पडल्यात आणि त्यातल्या बऱ्याच वाईट आहेत. त्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम्स, आणि तीच रीळ २४ च्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळायला लागतात. मग बघणारा हसतो आणि म्हणतो, याला काय घाबरायचं. रिस्टोअर केलेली प्रिंट शोधा, मुरनाउच्या नावाची जर्मनीत संस्था आहे तिच्याकडून २००६ मध्ये झालेली, ती साधारण ९४ मिनिटांची आहे.

रंगाचंही तसंच. निव्वळ काळ्या-पांढऱ्या कॉपीत सिनेमातला व्हॅम्पायर काउंट ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखेत मारून भर उन्हात गावातून चालत जातो, भिंतींवर स्वच्छ ऊन दिसतं, आणि आपल्याला वाटतं अरे हा तर उन्हाने मरतो ना, मग हे कसं? तर रात्रीचे सीन दिवसा शूट करायचे आणि मग ती फिल्म निळ्या रंगात बुडवायची ही तेव्हाची पद्धत होती. निळं म्हणजे रात्र हे प्रेक्षकाला कळायचं. पुढे कॉप्यांवरून कॉप्या निघत गेल्या, त्यात रंग गेला आणि रात्रीचा दिवस झाला. ही एक गोष्ट माहीत नसल्याने आम्ही पहिल्याच मीटिंगमध्ये ‘मूळ सिनेमातली चूक सुधारायची’ असं वहीत लिहून ठेवलं होतं.

पहिल्यांदा म्युझिकसकट बघा. दुसऱ्यांदा पूर्ण म्यूट करून, कारण आज ऐकू येणारं म्युझिक नंतर लावलेलं किंवा पुन्हा उभं केलेलं असतं, हान्स एर्डमानने १९२२ ला दिलेलं मूळ संगीत बरंचसं हरवलंय. तिसऱ्यांदा वही आणि मोबाईलचा स्टॉपवॉच घेऊन बसा आणि ऑरलॉक प्रत्यक्ष पडद्यावर किती वेळ आहे ते मोजा. आकडा मी सांगत नाही, स्वतः मोजलंत तरच तो पटेल, पण दीड तासाच्या सिनेमात तो इतका थोडा दिसतो आणि तरी सगळा सिनेमा त्याचाच वाटतो. हे कसं घडतं ते समजून घेणं म्हणजेच पुढचं सगळं काम.

पायरी दुसरी: भीती नेमकी कशात आहे ते एका ओळीत लिहा

इथे घाई करू नका. आमचा महिना इथेच गेला आणि तो जायलाच हवा होता, फक्त आम्ही तो पटकथा लिहून झाल्यावर घालवला.

गोष्ट थोडक्यात अशी. १८३८ साल, विसबोर्ग नावाचं जर्मन बंदराचं गाव. हुटर नावाचा तरुण नॉक या दलालाच्या सांगण्यावरून घराच्या व्यवहारासाठी दूर डोंगरातल्या किल्ल्यात काउंट ऑरलॉककडे जातो, ऑरलॉक त्याच्याच घरासमोरचं ओसाड घर विकत घेतो आणि जहाजातून मातीने भरलेल्या पेट्यांसकट निघतो, त्या पेट्यांत उंदीर. जहाजावरची माणसं एकेक करून मरतात, रिकामं जहाज शिडं फुगवून आपलं आपण बंदरात शिरतं, आणि गावात प्लेग येतो. शेवटी हुटरची बायको एलेन ऑरलॉकला कोंबडा आरवेपर्यंत स्वतःजवळ थांबवून ठेवते, उन्हाने तो विरून जातो, आणि तीही मरते.

आता यात भीती कशाची? आम्ही लिहिलं होतं ‘रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची’. चूक. रक्त पिणं सिनेमात जवळजवळ दिसतच नाही. भीती आहे ती काहीतरी येतंय याची. वाटेत आहे, जहाजात आहे, बंदरात आहे, समोरच्या खिडकीत उभं आहे, जिन्यावर आहे. दार लावून घेतलं तरी येणार आहे. आणि ते जे येतंय ते म्हणजे रोग. शेवटाकडे एक शॉट आहे, खिडकीतून अरुंद गल्ली दिसते आणि त्या गल्लीतून एकामागून एक शवपेट्या खांद्यावर घेऊन माणसं येतायत, कुणी घाई करत नाही, कुणी रडत नाही. दारांवर खडूने फुल्या मारत जाणारा माणूस आहे. पहिलं महायुद्ध आणि १९१८ चा फ्लू यातून नुकत्याच बाहेर आलेल्या लोकांनी तो शॉट कसा बघितला असेल विचार करा.

आपल्याकडे तर हे समजवायलाही लागत नाही. ब्रॅम स्टोकरच्या ज्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून हा सिनेमा उचलला ती छापली गेली १८९७ ला, आणि त्याच १८९७ ला पुण्यात प्लेग होता, घरोघर शिरून तपासण्या चालल्या होत्या, रँडचा खून झाला तो त्यातूनच. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं हे माझ्या पणजीच्या तोंडून माझ्या आजीने ऐकलेलं आहे. आणि २०२० तर आपण सगळ्यांनीच बघितलं, रस्त्यावर कुणी नाही आणि ॲम्ब्युलन्सचा आवाज. मी हे सांगतोय ते गोष्ट उचलून पुण्यात आणा म्हणून नाही. एलेनच्या खिडकीत बसलं की आजच्या माणसालाही काय वाटेल हे तुम्हाला आतून माहीत आहे, ते वापरा, एवढंच.

आमची ओळ शेवटी अशी झाली: ‘तो येतोय हे फक्त तिला कळलंय.’ तुमची वेगळी असू शकते. पण एक ओळ झाल्याशिवाय पटकथेला हात लावायचा नाही, आणि शूटवर भांडण झालं की ती ओळ काढून वाचायची.

पायरी तिसरी: हक्क तपासा

कंटाळवाणं आहे पण हा सिनेमा स्वतःच त्यात सापडलेला. प्राना फिल्म नावाच्या नव्या कंपनीने कादंबरीचे हक्क न घेताच तो काढला, ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, लंडनचं विसबोर्ग केलं, पण सुरुवातीच्या पाट्यांवर स्टोकरच्या कादंबरीचं नाव मात्र घातलं. लेखकाची विधवा फ्लॉरेन्स स्टोकर कोर्टात गेली, कंपनीचं दिवाळं वाजलं, आणि १९२५ ला कोर्टाने सगळ्या प्रिंट नष्ट करायला सांगितल्या. देशाबाहेर गेलेल्या कॉपी वाचल्या म्हणून आपण आज हे बोलतोय.

आज मूळ सिनेमा खुला आहे. अमेरिकेत प्रकाशनानंतर ९५ वर्षं हा हिशेब, तो केव्हाच उलटला. युरोपात सिनेमा करणाऱ्यांच्या मरणानंतर ७० वर्षं. मुरनाउ १९३१ ला गेला आणि पटकथा लिहिणारा हेन्रिक गालेन १९४९ ला, म्हणजे तेही संपलं. स्टोकर तर १९१२ लाच वारला. पण नंतरचे रिमेक खुले नाहीत, त्यांतली नवी पात्रं, संवाद, चेहऱ्याची रचना घेऊ नका. आणि रिस्टोअर केलेल्या प्रिंटवरचं नवीन म्युझिक खुलं नसतं, इथे आम्ही फसलो. ट्रेलरला त्या प्रिंटमधलंच चाळीस सेकंद संगीत लावलं, जुनं आहे ना म्हणून, आणि अपलोड केल्यावर दुसऱ्या दिवशी हक्काचा दावा आला. दावा बरोबरच होता. तिकीट लावून दाखवणार असाल किंवा विकणार असाल तर वकिलाला एकदा कागद दाखवाच.

पायरी चौथी: आधी ज्यांनी केलं त्यांनी काय ठेवलं ते बघा

वेर्नर हेर्झोगने १९७९ ला केला. तोवर ‘ड्रॅक्युला’ खुली झाली होती, त्यामुळे त्याने ऑरलॉकला परत ड्रॅक्युला केलं. काउंट झालेल्या क्लाउस किन्स्कीला मेकअप तसाच, टक्कल, मोठे कान, पुढचे दोन दात उंदरासारखे, रोज चार-एक तास खुर्चीत. बाहेरून जुनं जसंच्या तसं, पण आत त्याने माणूसच बदलला. याचा काउंट थकलेला आहे, एकटा आहे, मरता येत नाही म्हणून दुःखी आहे. आणि गावच्या चौकात उंदरांच्या गर्दीत टेबलं मांडून लोक शेवटचं जेवण जेवतायत तो प्रसंग बघाच, मूळ सिनेमात नाही पण मूळ सिनेमाच्या पोटातूनच आलेला आहे.

रॉबर्ट एगर्सने २०२४ ला बरोबर उलटं केलं. चेहरा टाकून दिला, त्याचा ऑरलॉक मिशीवाला, सडत चाललेला सरदार आहे, पण गोष्टीचा सांगाडा, गावाचं नाव, मुख्य पात्रांची नावं आणि सावली १९२२ ची ठेवली, आणि एलेनला पहिल्या मिनिटापासून मधोमध आणून बसवलं. ३५ एमएमवर शूट केलं, ऑस्करची चार नामांकनं मिळाली. मला स्वतःला त्यातला संवाद थोडा जास्त वाटतो, पण एलेनसाठी मी तो कधीही परत बघेन.

तिसरं उदाहरण वेगळं आहे. ‘डॉ. कॅलिगारी’ हा १९२० चा मूकपट, वाकड्या भिंती आणि रंगवलेल्या सावल्यांचा, २००५ ला नव्याने झाला तेव्हा नट हिरव्या पडद्यासमोर उभे केले आणि मागे मूळ सिनेमातल्या सेटचीच चित्रं लावली. मेहनत प्रचंड आहे, आणि प्रेमाने केलंय हे दिसतं. पण तोच सेट, तीच चौकट आणि वर बोलणारी माणसं, तर मूळ सिनेमात जी वेडाची तार होती ती बोलण्यात सुटते असं मला वाटतं. आणि १९२५ चा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ १९४३ ला रंगीत झाला तेव्हा ऑपेरा हाऊसचा जुना सेटच परत वापरला, कॅमेरा आणि कलादिग्दर्शनाची ऑस्कर पण मिळाली, दिसतो फार सुंदर, भीती मात्र उरली नाही.

म्हणजे सेट तोच ठेवून भीती निघून जाऊ शकते आणि चेहरा बदलूनही ती राहू शकते. आमच्या वहीत या पानावर आम्ही दोन रकाने केले, ‘ठेवायचं’ आणि ‘सोडायचं’, आणि ‘ठेवायचं’मध्ये तीनच गोष्टी लिहायची परवानगी स्वतःला दिली. आम्ही ठेवल्या त्या अशा: एलेनची खिडकी, जिन्यावरची सावली, कोंबडा.

पायरी पाचवी: आज जे चालणार नाही ते ओळखा

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. पूर्वेकडून आलेला परका माणूस, वाकडं लांब नाक, उंदीर, रोग, आणि तो गावात घर विकत घेतो. ज्यूंबद्दलची विषारी चित्रं त्या काळात युरोपभर जशी काढली जात होती त्यांच्याशी ऑरलॉकचं हे रूप जुळतं, आणि यावर अभ्यासकांत खूप वर्षं वाद आहे. सिनेमा करणाऱ्यांत गालेन आणि वेड्या दलालाची, नॉकची भूमिका करणारा ग्रानाख हे स्वतः ज्यू होते, त्यामुळे तसा हेतू होता असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जर्मनीत जे झालं ते माहीत असताना आपण ते नाक तसंच डोळे मिटून उचलायचं नाही. ‘बाहेरचा आला आणि रोग घेऊन आला’ हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक साथीत कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चिकटवलं गेलंय. आम्ही नाक टाकलं, कान टाकले, आणि पत्रव्यवहाराच्या प्रसंगात गावातल्याच दलालाने पैशाच्या लोभाने त्याला बोलावून आणलंय हे ठळक केलं. मूळ सिनेमातही दलालच त्याला घर मिळवून देतो, आम्ही त्यावर लाईट टाकला.

दुसरं, एलेन. मूळ सिनेमात नवऱ्याने वाचू नको म्हटलेलं पुस्तक ती वाचते आणि काय करायचं ते स्वतः ठरवते. म्हणजे ती १९२२ लाच पुरेशी खंबीर आहे, तिला मुद्दाम तलवार द्यायची गरज नाही, फक्त कॅमेरा तिच्याजवळ न्या.

तिसरं, ऊन. व्हॅम्पायर उन्हाने मरतो ही गोष्ट आज शेंबड्या पोराला ठाऊक आहे, पण कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा फिरतो. उन्हाने मरणं ही याच सिनेमाची देणगी. तेव्हा तो धक्का होता, आता नाही. त्यामुळे ‘मरणार का’ यावर ताण देऊन उपयोग नाही, ‘ती त्याला तोवर थांबवू शकेल का’ यावर द्या. आम्ही खिडकीबाहेरचं आकाश काळ्याचं राखाडी होताना चार वेळा दाखवलंय आणि प्रत्येक वेळी मधलं अंतर थोडं वाढवलंय.

पायरी सहावी: सावली

आता हाताने करायचं काम. जिन्यावरून सावली चढते, लांब बोटांचा हात दाराकडे जातो, आणि पुढे त्याच हाताची सावली एलेनच्या छातीवर येऊन मूठ आवळते. कॉम्प्युटरवर करता येईल, पण करू नका. खरी सावली भिंतीच्या खरबरीत पोतावरून जाते, कोपऱ्यात मोडते, ते डोळ्याला कळतं.

आम्ही पहिल्या रात्री भाड्याने आणलेला मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे कापड लावलेला मऊ उजेडाचा दिवा, लावला आणि भिंतीवर नुसता धुरकट डाग आला. पाच तास गेले. नट वैतागला, ज्यांच्या घरी शूट होतं त्या मावशी दोनदा चहा करून झोपायला गेल्या, आणि आम्ही नुसता लाईट वाढवत बसलो. कारण साधं आहे, दिवा जितका मोठा तितकी सावलीची कड मऊ. कड धारदार हवी तर उगम बारीक हवा, आणि सगळ्यात बारीक उगम तुमच्या खिशात आहे, मोबाईलचा फ्लॅश. दुधी काच नाही, कापड नाही, नुसता उघडा एलईडी.

हिशेब असा. दिव्यापासून नट दोन फुटांवर आणि नटापासून भिंत आठ फुटांवर असेल तर सावली पाचपट होते, सात इंचाचा हात जवळजवळ तीन फुटांचा. पण दिवा जेवढा रुंद त्याच्या चौपट कड फुटते, म्हणजे एक इंचाचा दिवा असेल तर चार इंचांची धूसर किनार, बोटं एकमेकांत मिसळली. मोबाईलचा फ्लॅश पाव इंच धरला तर किनार एक इंच, बोटं सुटी दिसतात. अजून धारदार हवी असेल तर दिव्यापासून चार फूट, भिंतीपासून सहा फूट असं करा, सावली अडीचपट होईल, किनार आणखी बारीक. दोन्ही करून बघा, आम्ही शेवटी साडेतीन-साडेसहावर थांबलो.

दिवा जमिनीवर, गुडघ्याच्याही खाली ठेवा म्हणजे सावली वर चढते. आणि यातली खरी गंमत अशी की सावलीला मोठं व्हायचं असेल तर नटाने भिंतीकडे नाही, दिव्याकडे चालायचं. पाठ भिंतीला आणि पावलं दिव्याच्या दिशेने. डोक्याला पटत नाही पण तसंच आहे. नट खऱ्या जिन्यावर नसतोच, तो खाली सपाट फरशीवर असतो, गुडघे थोडे उचलून. आमच्या नटाला हे जमायला अर्धा तास लागला, आणि जमलं तेव्हा मॉनिटरसमोर बसलेले आम्ही तिघंही एकदम गप्प झालो.

कॅमेरा: २५ फ्रेम्स, शटर १/५०, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि घरातला एखादा दिवा चालू राहिला तर बाकीच्या बऱ्याच सेटिंगवर लुकलुक येते. मोबाईलचा उजेड कमी पडतो, लेन्स उघडी ठेवा, आयएसओ वाढवा, थोडा दाणा आला तर येऊ द्या. भिंत चुन्याची असेल तर सोनं. ऑइलपेंटची नको, ती चमकते.

आणि शॉट कापू नका. मूळ सिनेमात सावलीला जिना चढायला जो वेळ लागतो तो तिला दिलेला आहे. आम्ही पहिल्या कटमध्ये तिथे एलेनच्या चेहऱ्याचे तीन शॉट घुसवले होते, सगळे काढले.

बाकीच्या जुन्या युक्त्याही करून बघण्यासारख्या आहेत. जहाजात ऑरलॉक पेटीतून ताठ, वाकल्याशिवाय उभा राहतो, त्याला टाचेपाशी खिळलेली एक फळी आणि मागून ढकलणारे दोन दणकट मित्र पुरतात, फक्त फळीला पट्टा बांधा आणि खाली गादी टाका. किल्ल्याकडे जाणारी बग्गी कमी फ्रेम्सवर शूट करून पळवलीय आणि एका जागी जंगल चक्क निगेटिव्हमध्ये आहे, पांढरी झाडं आणि काळं आकाश. आजच्या डोळ्याला पळणारी बग्गी हास्यास्पद वाटते, ती सोडा. निगेटिव्ह जंगल मात्र अजूनही अंगावर येतं.

पायरी सातवी: हात आणि दात

पूर्ण चेहऱ्याचा मेकअप पैसे खातो. हातांवर खर्च करा. आम्ही बोटांवर कागदाचा लगदा आणि फेविकॉलच्या टोप्या चढवल्या, प्रत्येक तीन इंचांची, आणि नखं जुन्या फोटो फिल्मच्या पट्टीतून कापली. सावलीत तर हे पुरेसंच होतं, जवळच्या शॉटमध्येही मंद उजेडात चाललं. दात करायचे तर पुढचे दोन करा, सुळे नको. सुळे म्हणजे बाकीचे सगळे व्हॅम्पायर, पुढचे दात म्हणजे उंदीर. मूळ सिनेमातल्या नटाचा, माक्स श्रेकचा ऑरलॉक शंभर वर्षांनी वेगळा दिसतो त्यात या दोन दातांचा मोठा वाटा आहे.

पायरी आठवी: आवाज

मूकपटाचा रिमेक म्हटल्यावर लोक इथे जास्तीत जास्त भरतात. भीतीच्या जागी ढॅण्ण, दार उघडताना किर्र, आणि सगळ्याखाली एक घूं. थांबा. जिथे शूट केलंत त्याच खोलीत सगळ्यांना बाहेर काढून दोन मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करा. फ्रीज बंद, पंखा बंद. तीच तुमची शांतता. एडिटमध्ये निव्वळ कोरा ट्रॅक ठेवलात तर बघणाऱ्याला वाटतं स्पीकर गेला.

ऑरलॉक बोलणार का हे आधी ठरवा. हेर्झोगचा बोलतो, एगर्सचा तर इतक्या खालच्या पट्टीत की खुर्ची थरथरते, त्यासाठी त्या नटाने आवाजाची वेगळी तालीम केली होती. आमच्याकडे तसा आवाज नव्हता, म्हणून आमचा बोलतच नाही. त्याच्याऐवजी एक नियम केला, तो आसपास आला की खोलीतला एकेक आवाज कमी होत जातो. आधी बाहेरचे कुत्रे, मग घड्याळ, मग वारा, शेवटी फक्त एलेनचा श्वास. यासाठी आवाज वेगवेगळे ट्रॅक करून ठेवावे लागतात, पहिल्या दिवसापासून.

आणि मूळ सिनेमातली एक जागा आवाजाच्या माणसाने शंभरदा बघावी. दूर किल्ल्यात ऑरलॉक हुटरवर वाकलाय, इकडे विसबोर्गमध्ये एलेन झोपेतून उठून हात पुढे करून हाक मारते, आणि तिकडे ऑरलॉक मान वळवतो. शेकडो मैलांचं अंतर, आवाज नाही, फक्त दोन शॉट जोडलेत आणि आपल्याला हाक ऐकू येते. तुम्ही तिथे खरोखर हाक ऐकवलीत तर ते जादूचं अंतरच संपतं. आम्ही एलेनचे ओठ हलताना दाखवले आणि आवाज दिला नाही. चौदा मिनिटांत पूर्ण कोरा ट्रॅक तेवढ्याच जागी, चार सेकंद.

पायरी नववी: दहा जणांना दाखवा, पण पडद्याकडे बघू नका

एडिट झाल्यावर ओळखीचे दहा जण बसवा, त्यात निम्मे तरी मूकपट कधीच न बघितलेले हवेत. खोलीत अंधार, आणि तुम्ही बाजूला बसून त्यांच्याकडे बघायचं. कोण मोबाईलला हात लावतं आणि कुठल्या मिनिटाला, ते लिहा. नंतर ‘कसं वाटलं’ विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा की तो घरात कधी आला. उत्तरं वेगवेगळी आली तर काम झालं.

आमच्याकडे पहिल्या शोला सात जणांनी मोबाईल बघितला, सगळ्यांनी एकाच ठिकाणी, हुटर आणि दलाल घराच्या व्यवहाराबद्दल बोलतात त्या दीड मिनिटात. त्या जागी आमचे सगळ्यात जास्त संवाद होते. जिन्याचा शॉट बावन्न सेकंदांचा, एकही कट नाही, तिथे कुणाचा हात हलला नव्हता. आम्ही व्यवहाराचा प्रसंग चाळीस सेकंदांवर आणला, दोघांच्या तोंडची नऊ वाक्यं काढून टेबलावरचा नकाशा आणि त्यावर फिरणारं दलालाचं बोट एवढंच ठेवलं, जिन्याला आणखी सहा सेकंद दिली, आणि दुसऱ्या रविवारी नवीन दहा जण बोलावले.